सहीच्या आधी

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी मासोळी सध्या पाण्याबाहेर आहे. तलावाच्या काठावर उभी राहून शिट्टी वाजवते आणि पोहायला शिकणारी मुलं आपसात विचारतात, बाई पाण्याला घाबरतात का. महिन्यातले नऊ दिवस रक्त जातं, आणि कळ आली की भिंत धरून उभी राहते. सोनोग्राफीत अ‍ॅडिनोमायोसिस निघालं. गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरलंय म्हणे.

डॉक्टरबाईंनी सगळे उपाय समजावले. रक्त कमी करायच्या नाहीतर हार्मोनच्या गोळ्या, आत बसवायची हार्मोनची कॉइल, काही महिने पाळी थांबवणारी इंजेक्शनं, गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करणं. कशानेच भागलं नाही तर गर्भाशय काढणं. बाबा म्हणतात, काढूनच टाक, आत्याचं काढलं, तिचं काय अडलं? मला मूल हवं की नको, हे अजून ठरत नाही. तुझं खरंच काही अडलं नाही ना?

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
तुझी मासोळी

१३ जून

चि. मासोळीस,
अ. उ. आ.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, पण हे कुणाशी बोलले नाही.

मी एकोणतीस वर्षांची होते. गाठ काढायची आहे, एवढंच मला सांगितलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा चादर बदलणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, चला, पाळीची कटकट मिटली. तुझे आतोबा नोकरीला परगावी होते. कागदावर सही दादाने केली होती, तुझ्या बाबांनी.

रक्त थांबलं, हे खरं. पण अजून दर महिन्याला दोन दिवस ओटीपोटात कळ येते, जिथे आता काहीच नाही तिथे. त्या दिवसांत मागच्या खोलीत कुणीतरी उठून बसल्यासारखं वाटतं. मी जाऊन बघते. बघितल्याशिवाय राहवत नाही.

काढू नकोस असं मी म्हणत नाही. माझ्या दोन मैत्रिणींनी समजून उमजून काढून घेतलं, त्या सुखात आहेत. तुझं तू ठरव.

माया आहे तशीच आहे.
तुझी आत्या

२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॉइल बसवून घेतली. सुरुवातीचे काही महिने डाग लागतील, मग रक्त कमी व्हावं. नको वाटली तर काढता येते.

बाबा सोबत होते. कारकुनाने सवयीने संमतीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाले, तिला विचारा. परतताना बसमध्ये मी विचारलं, आत्याच्या वेळी कागद वाचला होता का. ते म्हणाले, अक्षर न् अक्षर वाचलं होतं. बहीण वाचावी एवढंच डोक्यात होतं. तिला विचारायला वेळ होता, तरी विचारलं नाही, आणि नंतर सांगायचा धीर झाला नाही.

मागच्या खोलीचं मी त्यांना सांगितलं नाही. ते तुझं आहे. त्यांना तुझ्याकडे यायचंय. तू नको म्हणालीस तर येणार नाहीत.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी मासोळी

९ जुलै

चि. मासोळीस,
अ. उ. आ.

दादाला येऊ दे. तूही ये. पण आधी मी बोलणार आणि तो ऐकणार. मध्येच रडायला लागला तरी मी थांबणार नाही, हे त्याला सांगून ठेव.

तुझी आत्या