तापीत न सोडलेली दुर्बीण

म्हसावद

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. तुझ्या दहाव्याला मी सगळ्या भाऊबंदांसमोर काकांशी भांडले. का भांडले, ते तुला नाही तर कुणाला सांगू?

मला भाऊ नाही आणि आबाही गेलेले, म्हणून तुझी क्रिया काकांनीच केली. सारंगखेड्याला तापीकाठी कावळा शिवला आणि त्यांनी पिशवीतून तुझी दुर्बीण काढली. म्हणाले, "हाई बी पानीमा सोडा. इन्हीच वहिनीना डोया खादात."

तुझी दुर्बीण, माय! आबा पलटणीचे घोडे सांभाळायला बसऱ्याच्या लढाईवर गेले होते, तिथून त्यांनी आणलेली. एक नळी फुटकी, एक धड. त्यांना यात्रेतले घोडे लांबून पाहायचे होते. चंद्राकडे ती वळवलीस तू! दिवस मावळताना, धारा काढून झाल्या की निंबाच्या बेचक्यात टेकवून उभी राहायचीस. म्हणायचीस, "पुनवना चांद काय दखस? अष्टमीना दख. सावल्या पडतस, तव्हय खड्डा दखातस."

एकदा धुणं धुताना घाटावर बाया म्हणाल्या, चंद्रावर ससा आहे. तू म्हणालीस, "ससा नई शे. खड्डा शेतस. मी दखेल शेतस." नुसतं बोलून थांबली नाहीस. गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने चंद्र काढलास, खड्ड्यांसकट. आजीने तो शेणाने सारवला. तू परत काढलास. तिने परत सारवला. तिसऱ्या वेळी आजीच दमली आणि म्हणाली, "गोल तरी नीट काढ वं!"

मला चौथीपर्यंत शिकवलंस, पण दुर्बीण कधी हातात दिली नाहीस. "पाडी टाकशी," एवढंच. इतकी कशी गं कंजूष?

आणि माझं चुकलं ते. तुझे डोळे गेल्यावर, शेवटच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला मी माहेरी आले होते तेव्हा, तू विचारलंस, "आज कोर कशी शे वं?" मी पुरणपोळ्या लाटत होते. म्हटलं, "नेहमीसारखीच." उठून दारात जायला कितीसा वेळ लागला असता? मला अजून ते टोचतं.

म्हणून तर दहाव्याला घाटावर मी दुर्बिणीचा पट्टा धरला. म्हटलं, "काका, डाक्टरनी मोतीबिंदू सांगेल व्हता."

"डाक्टरले काय समजस?"

"मंग तुमना डावा डोयामा बी तेच धवळं उतरेल शे, ते काय दखीसन? तुम्ही कधी मान वर करी?"

मागे कुणीतरी हसलं. काका लालबुंद झाले. म्हणाले, "हाई लई गई तर तुले माहेर बंद."

माय, माहेर बंद म्हणजे आखाजीचा झोका बंद, तुझा उंबरठा बंद. पण मी दुर्बीण पदराखाली घेतली, ओल्या पायांनी घाट चढले आणि मागे वळून पाहिलं नाही.

काल अष्टमी होती. अजून उजेड होता, तेवढ्यात परसातल्या भिंतीवर टेकवून मी पाहिलं. तू म्हणायचीस तसेच खड्डे, तशाच सावल्या! आणि काळ्या बाजूला, उजेडाच्या काठापासून सुटा, एकच ठिपका चमकत होता. हे तू कधी बोलली नाहीस. तुला दिसला नव्हता का? मान दुखेपर्यंत पाहिलं, काही उमगलं नाही.

आज पहाटे पाण्याला निघाले. गाव अंधारात, सातपुडा अंधारात, आणि एकाच शिखरावर ऊन पडलेलं. मी घागर खाली ठेवली. माय, तो ठिपका म्हणजे डोंगर आहे! तिथेही ऊन आधी माथ्यावर पडतं. हे मला कुणी शिकवलं नाही, पुस्तकात वाचलं नाही. मी पाहिलं!

माझा शब्द घे. आखाजीला माहेरच्या बोलावण्यासाठी दाराकडे बघत रडत बसणार नाही. दर अष्टमीला उभी राहीन आणि असे डोंगर किती आहेत ते शोधीन. गावाने नावं ठेवली तर ठेवू दे. जो विचारील त्याला मोठ्याने सांगेन, आणि काकांनी विचारलं तर त्यांच्याही हाती दुर्बीण देईन. बघा म्हणेन, उजव्या डोळ्याने.

तुझीच हट्टी लेक, तुझी आंडेर,
काशी