अलार्मचं टोपडं

प्रिय मावशी,

कालपासून एका जागी बसवत नाहीये. चहा करते आणि प्यायचाच विसरते. घरात बोलायला जावं तर "झालं ना आता सगळं ठीक?" म्हणतात. म्हणून तुला लिहितेय. तू निदान मधे तोडणार नाहीस.

तुझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आलेत. पल्लवी, तिचा नवरा आणि रांगायला लागलेली छकुली. काल पल्लवीने बाळाच्या बाटल्या उकळत ठेवल्या आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. पाणी आटलं, बाटल्या जळल्या, घरभर काळा धूर. छकुली आतल्या खोलीत झोपलेली. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून वाचली गं पोर! आणि धुराचा अलार्म? हूं नाही की चूं नाही.

आठवतोय ना तो? बिल्डरने स्वयंपाकघराच्या छताला बसवून दिलेला पांढरा डबा. तू मिरच्या भाजायला घेतल्यास की कोकलायचा. "हाई तं मनी सासू शे," म्हणून तू नामपूरच्या अहिराणी ठसक्यात हसायचीस. मग एक दिवस खणाचं टोपडं शिवून त्याला घातलंस. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, हाच का उघडा! मीही तेव्हा पोट धरून हसले होते. पण मावशी, असं तोंड बांधून ठेवायचं असतं का गं?

पल्लवीला ती शोभेची वस्तू वाटली. तुझ्या हातचं म्हणून मीही काढलं नव्हतं. काल स्टुलावर चढून काढलं, बटण दाबलं, तरी आवाज नाही. आतली बॅटरी कधीच संपलेली.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, जिन्यातलं आमचं, दाराच्या आतलं तुमचं. माझा नवरा म्हणाला, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनेच करायची असं करारात आहे. पल्लवीचा नवरा म्हणाला, ते काय आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नाही. खरंच होतं त्याचं.

शेवटी सेक्रेटरी वैतागले. "मालकांचं काय ते एकदा कळवा."

"मावशीला विचारून सांगते," मी म्हणाले.

काकू उगाच पाणी आणायला उठल्या.

कागद तू माझ्या नावावर करून गेलीस, पण घर मी तुझंच धरून चालले होते. दारावर तुझी पाटी, छताला तुझं टोपडं, आणि बॅटरी बघायलाही जणू तूच येणार होतीस. राग येतो तुझा. घर दिलंस, पण ते सांभाळायचं कसं हे सांगायला थांबली नाहीस. आता मी कुणाला विचारू?

आज सकाळी नवा अलार्म बसवून घेतला. बटणावर माझा भरवसा नव्हता, म्हणून तव्यावर लाल मिरच्या टाकल्या. सगळ्यांना ठसका लागला, आणि तो असा कोकलला की छकुलीने भोकाड पसरलं. तिचं रडणं ऐकून इतकं बरं वाटलं, काय सांगू!

तू दर अमावास्येला दृष्ट काढायचीस ना? त्या दिवशी जाऊन मी अलार्म वाजवून बघत जाईन. विसरणार नाही. टोपडं माझ्या कपाटात आहे. पाटीही या आठवड्यात बदलते. यापुढे कुणी मालक कोण म्हणून विचारलं तर मी तुझं नाव सांगणार नाही. रागावू नकोस.

तुझीच,
मंजू