लतीफाताईने परत न येण्याबाबत

मी रहमो फरहूद, वय एकोणीस, धंदा पितळेवर नक्षी ठोकणं, राहणार यहुद्यांची गल्ली, दमास्कस. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही, मानेवर बसून कुणी लिहून घेत नाहीये. फक्त घाई आहे. ताईला विमानतळावर न्यायला गाडी येतेय आणि ती खालून हाकांवर हाका मारतेय.

एक. घर. आमच्या लोकांना घर विकता येत नाही. माणूस गेला की सरकार कुलूप लावतं. तेव्हा घर सरकारलाच. संडासाचं दार उचलून लावावं लागतं, हे त्यांना कुणी सांगू नये.

दोन. हातोडी, छिन्न्या माझ्या शेजारी बसून ठोकणाऱ्या झाकीला. त्याच्याच आहेत म्हणून कधीचा बोंबलतोय. लबाड आहे, पण हात सफाईदार.

तीन. गच्चीवरची कबुतरं शेजारच्या बहियामावशीला. पाळायला, शिजवायला नाही.

चार. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून आमच्यावर नजर ठेवणारा अधिकारी अबू गस्सान, त्याला काही नाही. त्याला एकदा भरपूर दिलंय. परदेशी वकिलातीचे साहेब आमची खुशाली बघायला आले होते. आम्हा यहुद्यांना देशाबाहेर सोडावं म्हणून हे लोक वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागलेत. अबू गस्सान दात काढून म्हणाला, "यांना कोण अडवतंय? जायचं त्याने जावं!"

मी कॉफी घेऊन उभा होतो. तिथूनच ओरडलो, "बायांनो, ऐकलंत? लतीफाताईला लग्नासाठी अमेरिकेत, ब्रुकलिनला सोडतायत!"

बहियामावशीने खिडकीतून लग्नात बाया काढतात तशी लांब किलकारी ठोकली. मग सगळ्या खिडक्या सुरू. साहेबांनी अबू गस्सानचा हात धरून अभिनंदन केलं, फोटो निघाला, आणि गडी अडकला.

घरात ताईने माझा कान पिळला. "मेल्या रहम्या, नवरा कुठाय?"

"मिळेल गं! तिकडे आपले एवढे बिनलग्नाचे पडलेत."

मिळालाही. साहेबांनी दारं ठोठावून ठोठावून परवाना काढला.

पाच. परवान्याला शेपूट आहे. ताईने सहा महिन्यांनी परत यायचं, तोवर मी जामीन. अबू गस्सान म्हणाला, "नाही आली, तर तू माझ्याकडे राहायला ये." त्याच्याकडे राहून आलेल्या झाकीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ताई म्हणते, "मी येणार रे, शपथ..." मी तिच्या तोंडावर हात दाबला. साहेब म्हणतात, तुझ्यासाठीही प्रयत्न करू. करतील, माणूस भला आहे. पण त्यांची फाईल बैलगाडीने जाते आणि अबू गस्सानकडे जीप आहे.

सहा. आईचा लग्नाचा झगा ताईच्या ट्रंकेत घातलाय. बाकी सगळं वर वाटून टाकलं. इथे तिचं काही उरलेलं नाही. हा कागद साहेबांच्या बॅगेतून जाईल, ती कुणी उघडत नाही. तिकडे उतरल्यावरच ताईला द्यावा.

सात. ताई, शेवटचं. सहा महिन्यांनी तुला फोन येईल. आवाज माझाच असेल. मी रडेन, ये गं म्हणेन, आईची शपथ घालेन. मी जन्माचा थापाड्या, अख्ख्या गल्लीला विचार. एक शब्द खरा धरू नकोस. "छान वठवलंस रे" म्हण आणि फोन ठेव.

यात खाडाखोड नाही. वर लिहिलंय ते सगळं खरं.

रहमो फरहूद
दमास्कस, १२ जून १९७७

साक्षीदार, सही बघितली, मजकूर वाचू दिलेला नाही:
मुराद गुरुजी, आमच्या प्रार्थनास्थळाचे
तौफीक शिंपी, समोरच्या दुकानातला