‘अज्ञान’ हा शब्द खोडून

मी, खाली सही करणारी, कॉलेजातली निवृत्त इतिहास-प्राध्यापिका, सभांच्या दिवसांत जिला लोक ‘तोफ’ म्हणत तीच, कुणाच्या दबावाखाली न येता, शुद्धीवर असताना आणि पूर्ण अक्कलहुशारीने हे लिहून ठेवते. अक्कलहुशारीचा दाखला डॉक्टरांनी दिला. त्यांनी आजचा वार विचारला, मी सांगितला. मुले किती विचारले, दोन म्हटले. झाले. एवढ्या भांडवलावर मला घरादाराची वाटणी करण्याचा अधिकार मिळाला. हीच उत्तरे माझी थोरली मुलगी देते तेव्हा लोक तिची पाठ थोपटतात आणि कागद दुसऱ्याच्या पुढे सरकवतात.

पोटातली गाठ आता कुणाचे ऐकत नाही. मीही जन्मभर कुणाचे ऐकले नाही, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू?

हा दुसरा मसुदा आहे. पहिला मी वकिलांच्या टेबलावरच फाडला. त्यात थोरलीपुढे लिहिले होते, ‘अज्ञान, वय वर्षे एकतीस, अ.पा.क. सख्खा भाऊ.’ कोर्टाच्या भाषेत अज्ञान म्हणजे वयात न आलेले मूल, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्या मुलाच्या वतीने सही करणारा.

“वकीलसाहेब, एकतीस वर्षांची बाई अज्ञान कशी?”

“बाई, अशा केसमध्ये आम्ही तसंच लिहितो. पुढे सोयीचं पडतं.”

“कुणाच्या सोयीचं?”

धाकटा म्हणाला, “आई, भाषण नको गं. इथे माईक नाहीये.”

“मग कान दे. माईक लागणार नाही.”

तेव्हा या कागदात थोरलीला कुठेही अज्ञान म्हटलेले नाही. कुणी मागाहून म्हटले, तर ते माझ्या इच्छेविरुद्ध समजावे.

कलम पहिले. राहते घर, पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर व माळा धरून, माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे आहे. ते मी थोरलीस देते. तिच्या आणि पुढच्या कलमात नेमलेल्या व्यवस्थापिकेच्या, अशा दोन्ही सह्यांशिवाय ते विकू नये, गहाण टाकू नये, आणि ‘तात्पुरते’ म्हणून कुलूपही लावू नये.

हे का लिहिते ते सांगते. शहराबाहेर एक निवासी संस्था आहे. धाकट्याने मला ती दाखवायला नेले होते. सगळ्या बायकांच्या अंगावर एकाच रंगाचे झगे, सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले. भिंतीला लावलेल्या बाकांवर त्या दुपारभर बसून होत्या. फाटकाला आतून कडी नव्हती. मॅनेजरीणबाई अभिमानाने म्हणाल्या, “आमच्याकडे कुणी रडत नाही.” मला ते खरे वाटले. परतताना गाडीत धाकटा म्हणाला, “तू गेल्यावर तिचं कोण करणार, आई? मी नोकरी करू की तिचं करू?” तो वाईट नाही. ओझे उचलण्याआधीच त्याची पाठ मोडली आहे. पण त्या फाटकातून माझी मुलगी आत जाता कामा नये. माझ्या मरणाची मला भीती नाही. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्याची आहे.

कलम दुसरे, सोबतीबद्दल. मी शिकवत होते त्या कॉलेजात एक वर्ग होता. ज्यांची बुद्धी हळू चालते अशा, शाळा संपलेल्या मुलामुलींनी दोन वर्षे कॉलेजात यायचे. वर्गात बसायचे, वसतिगृहात राहायचे, मग बाहेर नोकरी धरायची. प्रत्येकाला एक सोबती, तिथलाच विद्यार्थी. थोरलीची सोबतीण चांगलीच फटकळ होती. बसने जायला शिकवण्याची तिची रीत अशी: आधी शेजारच्या सीटवर बसायची. काही दिवसांनी मागच्या सीटवर. मग मागून येणाऱ्या बसमध्ये. आणि एके दिवशी ती आलीच नाही. थोरली इस्पितळाच्या धुलाईघरात, आपल्या नोकरीवर, एकटीच वेळेवर पोचली. घरी येऊन मला म्हणाली, “ती आली नाही. बरं झालं. फार बोलते.”

सोबत म्हणजे असे मागे सरत जाणे. मीही आता तेच करते आहे. फक्त मागून येणाऱ्या बसमध्ये मी नसेन.

ती सोबतीण आता परिचारिका आहे. तिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापिका नेमते. पुढच्या खोलीत एखादी शिकणारी मुलगी बिनभाड्याने राहील. निवड व्यवस्थापिकेने सुचवावी, होकार थोरलीचा. त्या मुलीने थोरलीची कामे करायची नाहीत, तिच्या वतीने बोलायचे नाही. अडले तर विचारायचे, पडली तर उचलायचे, बाकी आपला अभ्यास करायचा.

कलम तिसरे, प्राचार्यांस. तो वर्ग आपण बंद केला. सभेत म्हणालात, “हे कॉलेज आहे, धर्मशाळा नव्हे. ही मुलं निकालाच्या टक्केवारीत बसत नाहीत.” मी उठून म्हटले, “टक्केवारीत बसत नाहीत, बाकावर बसतात.” लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि ठराव मंजूर झाला. टाळ्यांचा भाव मला त्या दिवशी कळला. जिन्यामागच्या त्या खोलीत आता मोडके बाक रचलेले आहेत. आपल्याकडे मोडक्या बाकांना जागा आहे. माझ्या पुस्तकांवर कॉलेजचा हक्क सांगणारे पत्र आपण पाठवले होते. त्या पुस्तकांतले एकही पान आपणांस मिळणार नाही. सर्व पुस्तके धुलाईघराच्या कामगारांच्या वाचनालयास द्यावीत.

कलम चौथे. बँकेतील ठेवीचा निम्मा भाग धाकट्यास, निम्मा थोरलीच्या खर्चास. धाकट्यावर कसलीही अट नाही. त्याने बहिणीला आठवड्यातून एकदा भेटावे असे लिहिणार होते, ते खोडले. हुकमाने आलेला माणूस दारात उभा राहून घड्याळ बघतो. बाळा, यावेसे वाटले तर ये. येशील तेव्हा तिचे काही करू नकोस. तिला विचार.

कलम पाचवे. नणंदबाईंनी थोरलीच्या जन्मानंतर पाळण्यापाशी उभे राहून म्हटले होते, “लवकर सुटली तर दोघींचं भलं होईल.” त्यांना काहीही नाही. हे ‘काहीही नाही’ त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. अलीकडे त्यांना कमी ऐकू येते.

कलम सहावे. माझा हातातला भोंगा, ज्यावर मी मोर्चांत घसा फोडला, व्यवस्थापिकेस. शोभेला ठेवू नये. तो वर्ग पुन्हा उघडावा म्हणून कॉलेजच्या फाटकाशी वापरावा. बॅटरी नवी घालावी लागेल.

कलम सातवे मी वेगळे लिहिले होते: घरातील सर्व सामान, माझ्या खाटेसह, थोरलीस. सही करण्याआधी, वकील आणि धाकटा घरी आले असताना, सगळा कागद तिला वाचून दाखवला. इथे तिने मला थांबवले.

“खाट नको.”

“अगं, चांगली मजबूत आहे. गादी नवी आहे.”

“नको. तू नसशील आणि ती असेल.”

वकिलांनी चष्मा काढून पुसला. धाकटा म्हणाला, “मी नेतो. माणसं पाठवतो, तू कामावर गेलीस की...” बोलता बोलता तो थांबला. मग त्याने विचारले, “ताई, नेऊ का?”

तिने खाटेची एक कड हाताने धरून पाहिली.

“ने. पण मी घरी असताना. एका बाजूने मी धरीन.”

म्हणून कलम सातवे असे वाचावे: घरातील सामान थोरलीस. खाट धाकट्यास. ती त्याने थोरली घरी असताना न्यावी, आणि एक बाजू तिला धरू द्यावी.

थोरलीला साक्षीदार म्हणूनही सही करायची होती. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले. धाकट्यालाही नाही म्हटले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी इतरांसारखे नाकारले.

यापूर्वीचे सर्व कागद रद्द समजावेत. सही वाकडी दिसली तर ती दुखण्याने, शंकेने नव्हे.

सही: (आई)

आमच्यासमक्ष सही झाली:
साक्षीदार: १. समोरच्या दुकानातील शिंपी
२. इस्पितळाच्या धुलाईघराची मुकादम

स्थळ: राहते घर, मागची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच, वार रविवार, थोरलीच्या सुटीचा