गोपीआबा टीव्हीतून बाहेर कसे आले

मंगरूळपीर,
रविवार

चिरंजीव गोपीचंद यास ताईचे आशीर्वाद. (रागात असले तरी द्यावे लागतात. धाकटा असल्याचा तुला तेवढाच फायदा.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या घरून आलेल्या मुगवड्या पोचल्या. वड्या चांगल्या, मीठ जास्त. माझे ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते ठीक आहे, माझ्या मते डॉक्टरांचे यंत्र बिघडलेले आहे. फोनवर तू दुकानातल्या गिऱ्हाइकाशी आणि माझ्याशी एकदमच बोलतोस, आणि मी काही विचारले की मला युरियाचा भाव ऐकू येतो. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

विषय आपल्या वैभवीच्या टीव्हीचा आहे. लोकांची नातवंडे कार्टून बघतात, आमची बघत नाही. सकाळी सूनबाई निता वाशीमच्या बसने दवाखान्यात ड्युटीला गेली की ही पोरगी पाट घेऊन टीव्हीसमोर बसते, आणि बघते काय, तर गावचे केबल. साड्यांचा सेल, बोअरवेलची गाडी, कोणाच्या तरी मुलाचे बारसे. परवा निताचे आईवडील आले होते. मी कौतुकाने म्हटले, बेटा, आजोबांना कविता म्हणून दाखव. तिने हात जोडून मूळव्याधीची जाहिरात म्हटली, पत्त्यासकट. मी अमरावतीला नन्सच्या हाताखाली शिकले. आम्हाला ओले केस घेऊन जेवायला बसायचीसुद्धा परवानगी नव्हती. त्या घरात हे.

मी काय काय केले म्हणून सांगू! रिमोट ज्वारीच्या कोठीत लपवला, तर ती बंद टीव्हीसमोर बसून राहिली. केबलची वायर काढून टाकली, तर शेजारच्या रुपाबाईकडे जाऊन बसली आणि ऐन सासू-सुनेच्या भांडणात तिचे चॅनल बदलले. रुपाबाई दारात येऊन म्हणाली, "तुमच्या पोरीनं माही मालिका बंद पाडली नं बाई! तुमीच दाखवा तिले काय दाखवाचं ते." वायर पुन्हा जोडली. शाळा सुरू झाली, दप्तर आले, रिक्षावाला रोज दारात भोंगा वाजवून निघून जातो. ही पाटावरून हलत नाही. (मी मागे खुर्चीत असते. लक्ष ठेवायला कोणी नको?) विजेची लाइन गेली की मात्र रडवेली होते. एकदा टीव्हीच्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "बाबाले अंधार झाला असन."

तेव्हा मी तिला जवळ घेऊन विचारले, बाबाचे काय? तिने मला अगदी समजावून सांगितले, जसे आपण अडाण्याला सांगतो. "आजी, गोपीआबा बी टीव्हीत होते नं. मंग ते घरी आले, सीताफळं घेऊन. बाबा बी येतीन."

कळले का काही? नसेल कळले तर सांगते. गेल्या पोळ्याच्या आठवड्यात माझा करण डेंग्यूने गेला, आणि तेरवीच्या आत तू आम्हाला न विचारता केबलवर श्रद्धांजली लावून आलास. इकडची रीत आहे, मान्य. वाढदिवस असो की मरण, केबलवर आल्याशिवाय गावाला पटत नाही. पण एका बाजूला हार घातलेला करण, आणि दुसऱ्या बाजूला "शोकाकुल" म्हणून तू, काळा गॉगल लावून, करणपेक्षा मोठा! (फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा. मागे रिबीन दिसत होती.) वर मला विचारलेस, "ताई, फोटो झकास आला ना?" मी पदर तोंडाला लावून होते म्हणून वाचलास. निताच्या मांडीवरून पोरगी ओरडली होती, "बाबा! गोपीआबा!" मग दसऱ्याला तू सीताफळांची टोपली घेऊन दारात उभा राहिलास. टीव्हीत दोघे होते, एक बाहेर आला. पाच वर्षांच्या पोरीने आणखी काय हिशेब करायचा?

आणि आता तुझा फोन येतो की वर्षश्राद्धाला मोठी जाहिरात देऊ, "माहा नवा फोटो काढला हाय." देऊ नकोस. तुझा नको, करणचा नको, कोणाचाच नको. उलट तू स्वतः इथे ये, गॉगल न लावता, आणि तिला सांग की तू कधीच टीव्हीत नव्हतास, आणि तिचा बाबाही नाही. निता म्हणते, "आई, माह्यानं नाई होत." मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला, लोकांना लोकांचे बरेवाईट निरोप ऐकवले. माझ्यानेही होत नाही.

तुझी,
ललिताताई

ता. क. पत्र टाकायचे राहिले, आज बुधवार. आता येऊ नकोस, मी सांगितले. देवाघरी, चांदणी वगैरे काही नाही. बाबा मेला, असे सांगितले. गोपीआबांनी फक्त फोटो दिला होता, ते सगळा वेळ आपल्या दुकानात बसलेले होते, हेही सांगितले. तिने सगळे ऐकले आणि रिमोट माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "मंग तू कायले पाहतं, आजी?" मी म्हटले, तुझ्यावर लक्ष ठेवायला. "मी आंघोळीले जाते तवाबी तं पाहतं."

ता. क. दुसरा, गुरुवार. ती आज रिक्षात बसून शाळेत गेली. रडली नाही. जाहिरात दे. तुझा फोटो नको, नुसता करण, आणि हार घालू नकोस. दुपारी लावायला सांग, ती शाळेत असते तेव्हा. वेळ तेवढी केबलवाल्याला विचारून मला कळव.