दुपारचा भोंगा

धरणावरून, उंबरमाळीजवळ
२० सप्टेंबर २०२४

ती. देवकीआत्यास,
आदेशचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. नवीन नोकरीत काम काय, असं तू विचारलं होतंस. आत्या, काम काहीच नाही. धरणाच्या भिंतीवर पत्र्याची केबिन, तिच्यात एक खुर्ची आणि भोंग्याचं बटण. दरवाजे उघडायच्या जरा आधी ते दाबायचं, म्हणजे तुमच्या वाडीपर्यंत आवाज जातो आणि लोकांनी नदीतून वर यायचं. दरवाजे वर्षातून दोन-तीनदा उघडतात. बाकी मी बसलेला. मुरबाडला दोन वर्षं मोटारी खोलून जोडायला शिकलो, ते बटणाकडे बघायला?

कंटाळ्याचं एक वेळ चालेल, पण आताशा मला भीती वाटते. असाच बसून बसून सुस्तावलो आणि ज्या दिवशी खरंच दाबायचं त्याच दिवशी डोळा लागला तर? इथे रेंज नाही, तुमच्याकडेही नाही, म्हणून गणूच्या दुधाच्या टेम्पोतून हे पत्र धाडतो.

चार ओळी लिही, नाहीतर मी भोंग्याशी गप्पा मारायला लागेन. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
आदेश


२८ सप्टेंबर

चि. आदेशला अनेक आशीर्वाद.

लोकांची पोरं कामाने वाकली म्हणून रडतात आणि आमचे राजे बसायला खुर्ची मिळाली म्हणून रडतात! पण थट्टा पुरे. तुझे आतोबा गेले तेव्हा महिनाभर मला कुणी कामाला हात लावू दिला नव्हता. भिंतीशी बोलायचे मी. रिकामपण काय असतं ते मला ठाऊक आहे.

तेव्हा तुला कामच सांगते. आता भात कापणी सुरू होईल. भाकरी सोडायची वेळ झाली की नाही, यावरून कापणीवर देखरेख करणाऱ्या कोंडूशी आम्हा बायांचा रोज तंटा होतो. तू दुपारी साडेबाराला भोंगा वाजवत जा. साहेबांना सांग, भोंग्याची मोटार तपासतो म्हणून. तुझा वेळ जाईल आणि आमचा तंटा मिटेल.

वेळेवर जेव. जीव तुझ्याकडे लागलेला असतो.

देवकीआत्या


४ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

साहेब हो म्हणाले. तीन दिवस वाजवतोय. सकाळपासून साडेबाराचीच वाट बघतो. तुम्ही सगळे तिकडे विळे खाली ठेवत असाल असं मनात येतं आणि बरं वाटतं. रात्री झोपही लागते.

कोंडूदादाला सांग, आता कटकट नको. तुझ्या मायेचा धनी,

आदेश


१३ ऑक्टोबर

चि. आदेशला आशीर्वाद.

तुझा भोंगा म्हणजे वाडीचा लाडका जावई झाला आहे. वाजला की विळे जिथल्या तिथे. सकुबाईच्या डोक्यावर सगळ्यांच्या भाकऱ्यांची पाटी, तिच्यामागे आम्ही, आणि निघाली वरात नदीत. मधल्या कातळांवर उंबराची सावली असते, पाणी घोट्याएवढं. हातपाय धुवायचे आणि तिथेच फडकी सोडायची. नेहाचं बाळसुद्धा भोंगा ऐकला की नदीकडे हात करतं. गोजरकाका म्हणतात की पोरगा नाय, आपलं घड्याळ आहे.

दिवाळीला ये. करंज्या तुझ्या नावाच्या वेगळ्या ठेवते.

देवकीआत्या


१५ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. हे काय करून बसलो आपण? भोंगा वाजला की नदीतून वर यायचं, आणि तुम्ही सगळे तो ऐकून नदीत उतरता! मी केबिनीत बसून खूश होत होतो.

डोंगरात परतीचा पाऊस जोरात आहे. धरण काठोकाठ भरत आलंय, दरवाजे कधीही उघडतील. साहेबांना सगळं सांगितलं. ते फार चिडले. दरवाजे उघडायचे त्या दिवशी वाडीत गाडी पाठवीन म्हणाले, पण रस्ता डोंगराला वळसा घालून येतो आणि पाणी सरळ येतं.

आजपासून दुपारी वाजवत नाही. यापुढे कधीही वाजला तर समजा पाणी सुटलं. तुमच्याकडे ऊन असलं तरी वर पळा. हे सगळ्यांना वाचून दाखव. तुझ्या पाया पडतो. मला फार भीती वाटतेय.

आदेश


१९ ऑक्टोबर

चि. आदेशला आशीर्वाद.

आधी हे वाच: सगळे जिवंत आहेत.

तुझं पत्र मी खळ्यावर मोठ्याने वाचलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडू म्हणाला, आमाला काय कळत नाय का. मलाही वाटलं, झालं काम. काल दुपारी जेवणाच्या सुमारास भोंगा वाजला तेव्हा डोक्यावर लख्ख ऊन होतं. कुणी तरी म्हणालं, पोराला आपली दया आली. आणि खरं सांगते आदेश, पत्र वाचून दाखवणारी मी, पण माझेच पाय नदीकडे वळले. बांध उतरले तेव्हा तुझी ओळ आठवली.

ओरडले, पण कुणी ऐकेना. सकुबाई पुढे होती. धावत जाऊन तिच्या डोक्यावरची पाटी हिसकावली आणि टेकाडावरच्या गावदेवीकडे पळत सुटले. भाकऱ्या पळवल्या म्हटल्यावर अख्खी वाडी माझ्या मागे. ज्या शिव्या खाल्ल्या त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. कोंडूने मला चढावर गाठलं, तेवढ्यात खालून आवाज आला. वळून पाहिलं तर कातळ नव्हते. नुसतं लाल पाणी.

गोजरकाका काठाशी हंडा भरायला आधीच उतरले होते. कोंडू तसाच मागे धावला आणि दंडाला धरून त्यांना ओढून काढलं. हंडा गेला. काका अजून बोलत नाहीत. नेहा बाळाला मांडीवरून खाली ठेवत नाही.

तू जपून राहा.

देवकीआत्या


२१ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

बटण दाबताना वाटलं, मी तुम्हाला मरायला बोलावतोय. तरी दाबलं. मग भिंतीवर उभा राहून तुमच्या नावाने हाका मारत राहिलो. तिथून वाडी दिसतसुद्धा नाही. साहेबांची गाडी पोचेपर्यंत पाणी येऊन गेलं होतं, हे नंतर कळलं. गणू तुझं पत्र घेऊन येईपर्यंत तू आहेस की नाहीस, हे मला ठाऊक नव्हतं.

राजीनामा लिहून ठेवलाय. त्या बटणाला पुन्हा हात लावणार नाही. काकांना माझा नमस्कार सांग. मला माफ करा सगळे.

आदेश


२३ ऑक्टोबर

चि. आदेशला देवकीआत्याचे आशीर्वाद.

राजीनामा फाडून टाक. तू गेलास तर तिथे दुसरा कुणी बसेल, तो भोंगा वाजवेल आणि आमचे पाय पुन्हा नदीतच जातील. नुसतं वाचून दाखवून भागत नाही, हे मला माझ्याच पायांनी दाखवलं.

म्हणून वाडीने ठरवलंय. सकुबाई भाकऱ्यांची पाटी सकाळीच गावदेवीपाशी नेऊन ठेवते. पाण्याचे हंडेही तिथेच. भोंगा वाजला की सगळ्यांनी वर चढायचं आणि तिथे बसून जेवायचं. नदीकडे वळेल त्याला त्या दिवशी भाकरी नाही. पायांना वरची वाट पाठ झाली की पाणी सुटेल तेव्हाही ते वरच चढतील, तेव्हा तू रोज साडेबाराला वाजव, आधी वाजवायचास तसाच. भीती वाटणारच. मलाही वाटते, रात्री दचकून उठते मी. घाबरत घाबरत वाजव, पण वाजव.

आज दुपारी सगळे वर जाऊन बसलो होतो. कुणी फडकं सोडेना, भोंग्याशिवाय हात पुढे होईना. तेव्हा गोजरकाका इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, पोराला कळव, आमी वर बसलोय, भूक लागली.

उद्या वाट बघते.

तुझी,
देवकीआत्या