पाऊण तासाची वाट

मंगळवार, फेब्रुवारी. दिवेलागण

यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून दुपारी गेले होते. औषधाचं दुकान पाऊण तास चालत, मधे सागाचं जंगल. परतताना उन्हं कलली, म्हणून सोबतीला सुजाताला फोन लावला. पोरगी जर्मनीत नर्स आहे. तिकडे तेव्हा दुपार, तीही ब्रेड आणायला पायीच निघाली होती. तिचं दुकान घरापासून चार मिनिटांवर, दवाखाना सहा. हसत सांगत होती, मधेच थांबली.

"आई, तुझ्यामागून कोण चालून राह्यलं?"

"कोणी नाई. काऊन?"

"पानं वाजून राह्यले."

मी थांबले. मागे पानं एकदा वाजली आणि आवाजही थांबला. वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं? पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

"पळू नको आई. मोठ्यानं बोलत राह्य."

काय बोलावं? अंबाडीची भाजी कशी करायची ते ओरडून सांगत सुटले. पानं वाजतच होती. सुजाताचं दुकान केव्हाच आलं असणार, पण ती बाहेरच उभी राहून ऐकत होती. गावची बोअरिंग दिसली तेव्हा कुठे मागचा आवाज बंद झाला.

हे म्हणाले, "वारा असन."

वारा नव्हता.

फोन ठेवताना सुजातानं विचारलं, "महिन्याभराच्या गोळ्या आणल्या ना?" हो म्हणाले. दुकानात दहाच होत्या.